सौदापट्टीशिवाय कांदा देत नाही, मग घर कसं देता?

लासलगाव : मे-जून उजाडला की निफाड तालुक्यात कांद्याच्या गाड्यांबरोबर आणखी एक माल रस्त्यावर दिसायला लागतो. पिकअपमध्ये गोधडीत गुंडाळलेला टीव्ही, वर उलट्या बांधलेल्या खुर्च्या, फटीत कोंबलेली भांड्यांची पोती. कुणाची बदली झालेली असते, कुणाच्या पोरानं पुण्यात फ्लॅट घेतलेला असतो, कुणी लेकरांच्या शाळेसाठी नाशिकला खोली केलेली असते. शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, ग्रामसेवक यांचं तर दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलतंच.

पूर्वी हे काम सोपं होतं. गावातली गाडी, ओळखीचा ड्रायव्हर, चार भाऊबंद हात लावायला. भाडं आधी ठरलेलं आणि नाही ठरलं तरी गावातलाच माणूस, लुटून जाणार कुठे? आता फ्रीज, वॉशिंग मशीन, सोफा, काचेचं कपाट आलं. पुण्यातला फ्लॅट सातव्या मजल्यावर आणि सोसायटीत लिफ्ट सामानासाठी ठराविक वेळेतच मिळणार. भाऊबंदांनाही शेतीच्या कामातून सवड नाही. मग पोरगं म्हणतं, 'नाना, पॅकर्सवाले बोलवून घेऊ, ते सगळं बांधून नेतात.' मोबाइलवर शोधलं जातं, एका साइटवर नंबर टाकला जातो आणि तासाभरात आठ-दहा फोन येतात. कुणी म्हणतो बावीस हजार, कुणी सोळा, कुणी साडेनऊ. साहजिकच साडेनऊवाल्याला हो म्हटलं जातं आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वांधा गाडी भरल्यावर निघतो

या धंद्यात चांगली, चोख काम करणारी माणसं आहेत. त्यांची बांधणी बघितली तर काचेचा ग्लाससुद्धा फुटत नाही. पण ज्या तक्रारी पुणे, ठाणे, नवी मुंबई, बेंगळुरूच्या पोलिसांकडे गेली काही वर्षं येत आहेत, त्यांचा साचा जवळजवळ एकच आहे. फोनवर भाव कमी सांगायचा. माणसं पाठवून सामान गाडीत चढवायचं. गाडी निघाली की किंवा मुक्कामाला पोचायच्या आधी फोन येतो, 'सामान जास्त निघालं, गाडी मोठी लावावी लागली, टोल वेगळा, जीएसटी वेगळा, मजल्याचे वेगळे. तीस हजार टाका, मग गाडी खाली करतो.' घरातली भांडी, कपडे, पोरांची पुस्तकं, कागदपत्रं सगळं त्यांच्या ताब्यात असतं. नव्या घरात बायकापोरं फरशीवर बसून असतात. अशा वेळी भांडायला बळ कुणाकडे असतं? बहुतेक जण पैसे देऊन मोकळे होतात आणि तक्रारही करत नाहीत.

लासलगावच्या शेतकऱ्याला हा प्रकार नवा वाटायचं कारण नाही. लिलावात भाव एक पुकारला जातो आणि गाडी खळ्यावर उपसायला घेतली की व्यापारी म्हणतो, माल खाली वेगळा निघाला, भाव कमी करा. त्याला आपण वांधा म्हणतो. अर्धी ट्रॉली खाली झालेली असते तेव्हा शेतकऱ्याचा हात दगडाखाली असतो. हीच नस पॅकर्सच्या नावानं फसवणाऱ्यांनी ओळखली आहे. फरक एवढाच की कांद्याच्या वांध्यावर आपल्याकडे व्यवस्था आहे. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची. लिलाव चारचौघांत होतो, भाव लिहिलेली सौदापट्टी हातात मिळते, काट्याची पट्टी मिळते, मग हिशोबपट्टी. वाद झाला तर समितीच्या माणसाला बोलावता येतं. या व्यवस्थेतही भांडणं होतातच. हमाली, तोलाई आणि लेव्हीच्या वादावरून २०२४ च्या एप्रिलमध्ये जिल्ह्यातले लिलाव कित्येक दिवस बंद होते. पण भांडायला हातात कागद तरी होता.

घराच्या बाबतीत मात्र तोच माणूस एका अनोळखी आवाजावर विश्वास ठेवतो. वीस क्विंटल कांदा सौदापट्टीशिवाय कुणाच्या खळ्यावर ओतणार नाही, पण आयुष्यभराचं घर 'हो, हो, ठरलं' एवढ्या शब्दावर गाडीत चढवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला रंगीत कागद बघून समाधान मानतो. त्यावर बऱ्याचदा पत्ताही नसतो.

वर दिसला म्हणजे खरा नव्हे

दुसरी अडचण नावाची आहे. एखाद्या मोठ्या कंपनीचं नाव कानावर असतं म्हणून मोबाइलवर तेच नाव टाकून शोधलं जातं. सगळ्यात वर जो नंबर येतो तो त्याच कंपनीचा असेलच असं नाही. वरच्या जागा जाहिरातीच्या असतात, पैसे भरून घेतलेल्या.

यावर मोठा खटलाही झाला. 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव वापरणाऱ्या डीआरएस लॉजिस्टिक्स कंपनीनं गुगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. लोक आमचं नाव शोधतात आणि गुगल पैसे घेऊन दुसऱ्यांच्या जाहिराती दाखवतं, ही तक्रार होती. १० ऑगस्ट २०२३ रोजी खंडपीठानं निकाल दिला. दुसऱ्याचं नाव शोधशब्द म्हणून वापरणं हाच आपोआप गुन्हा होत नाही, पण त्यामुळे ग्राहकाचा गोंधळ होत असेल तर ते ट्रेडमार्कचं उल्लंघन ठरू शकतं आणि अशा वेळी गुगलला 'आम्ही फक्त मधले' म्हणून हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा सार. निकाल कंपन्यांच्या भांडणाचा असला तरी गावातल्या माणसासाठी त्यात सरळ अर्थ आहे. जिथे खुद्द कंपनीला आपल्या नावाच्या गोंधळासाठी कोर्टात जावं लागलं, तिथे निफाडच्या माणसाला फोनवर खरं-खोटं कसं कळणार? एक-दोन अक्षरांचा फरक करून, मागे-पुढे 'न्यू', 'श्री', 'लॉजिस्टिक्स' लावून तशीच नावं चालवणारे ढिगानं आहेत.

म्हणून नावावर जाऊ नये, नंबरावर जावं. जीएसटीचा नंबर पंधरा अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर करदाता शोधण्याची सोय आहे, तिथे तो नंबर टाकला की कुणाच्या नावावर आहे, पत्ता कुठला, नोंदणी चालू आहे की रद्द, हे दोन मिनिटांत दिसतं. कागदावर एक नाव आणि तिथे दुसरंच निघालं तर पुढे बोलूच नये. पैसे ज्या खात्यावर मागतात त्या खात्याचं नावही बघावं. कंपनीचं म्हणून पैसे मागायचे आणि यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव यायचं, ही धोक्याची खूण.

आणखी एक गोष्ट. गाडीत दुसऱ्याचा माल भाड्यानं नेण्याचा धंदा करणाऱ्यांना 'कॅरेज बाय रोड' कायदा, २००७ खाली नोंदणी करावी लागते. हा कायदा २०११ पासून लागू आहे. त्याआधी आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला १८६५ चा कायदा चालत होता. घरोघरी माल पोचवणारे, बुकिंग करणारे, दलाल हेही त्यात येतात. नोंदणी नंबर विचारला की खरा धंदेवाला लगेच सांगतो. उडवाउडवी करणारा पुढे काय करील ते समजून घ्यावं.

कमी भाव कशामुळे कमी आहे

साडेनऊ आणि बावीस हजारांतला फरक नेहमी लबाडीचाच असतो असं नाही. कधी कधी गाडीच वेगळी असते. पूर्ण गाडी तुमच्यासाठी लावली तर भाडं जास्त. चार घरांचं सामान एकाच ट्रकमध्ये टाकलं तर कमी. दुसऱ्या प्रकारात सामान आधी गोदामात जातं, तिथे उतरतं, पुन्हा चढतं, मग जातं. दिवस जास्त लागतात आणि हरवाहरवी बहुधा या चढ-उतारातच होते. फोनवर हे कुणी आपणहून सांगत नाही. 'गाडी पूर्ण का शेअर?' एवढं विचारलं तरी समोरचा सावध होतो की गिऱ्हाईक माहीतगार आहे.

घर न बघता सांगितलेला भाव म्हणजे काट्यावर न चढवता सांगितलेलं वजन. लासलगावपर्यंत माणूस पाठवणं परवडत नसेल तर व्हिडिओ कॉलवर घर दाखवता येतं. पण मग सगळं दाखवावं. माळ्यावरचे पितळी हंडे, ओट्याखालच्या कोठ्या, अंगणातला पाट्या-वरवंटा, वर्षाचे गहू-बाजरीचे कट्टे, बरोबर न्यायच्या कांद्याच्या गोण्या, शिलाई मशीन, देवघर. आपल्याकडच्या घरातलं सामान शहरातल्या वन बीएचकेच्या मापानं मोजलं की हमखास चुकतं आणि तेच 'सामान जास्त निघालं' या वाक्याला निमित्त ठरतं. इथे चूक घरमालकाचीही असते, हेही सांगायला हवं. सात डाग दाखवून सतरा चढवले तर पॅकर्सवाल्याची तक्रार खरी असते.

खाली मजला कुठला, वर कुठला, लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत जाते की गल्लीच्या तोंडाशी थांबते, खोके-बबल-दोरी कुणाची, पलंग खोलायचा आणि पुन्हा जोडायचा कुणी, टोल कुणाचा, जीएसटी धरून की सोडून. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून त्यांच्याकडून 'मान्य' असं उत्तर घ्यायचं. वकिलाची भाषा लागत नाही, साध्या मराठीत चालतं. तीच आपली सौदापट्टी.

घरातलं वापरलेलं सामान नेताना ई-वे बिल लागत नाही, जीएसटीच्या नियमांत त्याला सूट आहे. त्यामुळे वाटेत 'ई-वे बिल नाही म्हणून गाडी अडवली, दंड भरा' असा फोन आला तर पैसे पाठवायची घाई करू नये.

'सब पुराना, सब स्क्रॅच'

आता कागदाचा दुसरा भाग, म्हणजे यादी. सामान चढवताना पॅकर्सचा माणूस एक यादी करतो आणि सही घेतो. घाईत कुणी वाचत नाही. त्यात बऱ्याचदा प्रत्येक वस्तूपुढे आधीच लिहिलेलं असतं की पुरानी, स्क्रॅच, डेंट. फ्रीज मागच्या दिवाळीला घेतलेला असला तरी. पुढे दार चेपलं तर उत्तर तयार असतं, तुम्हीच सही केली आहे. म्हणून ती यादी घरातल्या एका माणसानं शांतपणे वाचावी. घरात सून किंवा मुलगी असेल तर तिच्याकडे हे काम द्यावं, कारण कोणत्या डब्यात काय आहे हे पुरुषांना बहुतेक घरांत माहीतच नसतं. खोक्यांना नंबर टाकावेत, प्रत्येक मोठ्या वस्तूचा चारी बाजूंनी फोटो घ्यावा, टीव्ही आणि मशीन चालू करून व्हिडिओ घ्यावा. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं लायसन्स, गाडी भरतानाचा फोटो. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे, त्याचा याहून चांगला उपयोग त्या दिवशी दुसरा नाही.

सोनं, रोकड, सातबारा-खरेदीखतं, शाळेचे दाखले, बँकेची पुस्तकं गाडीत द्यायचीच नाहीत. ती आपल्या पिशवीत. गॅस सिलिंडरही गाडीत नको. तो एजन्सीत जमा करून कागद घ्यायचा, अनामत परत मिळते आणि त्या कागदावर नव्या ठिकाणी जोडणी घेता येते. भरलेली टाकी सामानात लपवून नेणं हा मूर्खपणा आहे, उन्हाळ्यात तर जास्तच.

विम्याचा घोळ वेगळा. 'इन्शुरन्सचे इतके टक्के' म्हणून पैसे घेतात आणि पावतीवर 'रिस्क कव्हर' असं काहीतरी लिहितात. ते विमा नव्हे. विमा फक्त विमा कंपनी देते. तिचं नाव, पॉलिसीचा नंबर, कुठून कुठपर्यंत आणि किती रकमेचा, हे लिहिलेला कागद आपल्या नावानं मिळाला तरच विमा झाला. नाहीतर ते पैसे वरची कमाई.

विमा नसला तरी वाहतूकदार मोकळा सुटत नाही. मात्र त्याच्यावर किती रकमेची जबाबदारी येते हे आधी माहीत हवं. २०११ च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची भरपाईची मर्यादा भाड्याच्या दहापट आहे आणि तीही कागदावर सांगितलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. समजा भाडं १४,००० ठरलं, तर मर्यादा १,४०,०००. पण कागदावर सामानाची किंमत ३०,००० लिहिली असेल तर तीसच. म्हणजे कर वाचेल किंवा विमा स्वस्त पडेल म्हणून कमी किंमत लिहिणारा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. सामान खरंच महागाचं असेल तर आधी सांगून जास्त जोखमीचा दर देता येतो, मग ही मर्यादा राहत नाही.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'माल मालकाच्या जोखमीवर' छापलेलं असतं. ते बघून लोक गप्प बसतात. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सांगितलं आहे की असं लिहिलेलं असलं तरी वाहतूकदाराच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर तो जबाबदार राहतो. आजच्या कायद्यातही नुकसान निष्काळजीपणानं झालं हे सिद्ध करायचं ओझं माल देणाऱ्यावर नाही.

गावातली गाडी बरी का?

काही ठिकाणी बरीच. लासलगाव ते नाशिक साठेक किलोमीटर. तेवढ्यासाठी पॅकर्स बोलवणं म्हणजे एका बिऱ्हाडाला दोनदा भाडं देण्यासारखं आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप, दोन अनुभवी हमाल, किराणा दुकानातून आणलेली खोकी, जुन्या गोधड्या आणि सुतळी. एवढ्यात काम होतं. लासलगावचे हमाल दिवसभर गोण्या उचलतात, त्यांना वजन कसं धरायचं हे शिकवावं लागत नाही. फक्त गोणी आणि काचेचं कपाट यात फरक आहे, तो त्यांना आधी सांगावा आणि मजुरी चोख द्यावी.

पुण्या-मुंबईसाठी आपल्या भागाला आणखी एक फायदा आहे, तो कुणी फारसा वापरत नाही. कांदा घेऊन गाड्या रोज त्या बाजूला जातात. परतीचं भाडं स्वस्त मिळतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते तिकडून इकडे येणाऱ्यांच्या कामाचं. निवृत्त होऊन गावी परतणाऱ्यानं किंवा पुण्यातून बिऱ्हाड हलवून लासलगावला येणाऱ्यानं इथल्या ट्रान्सपोर्टवाल्याला आधी फोन करावा. रिकामी येणारी गाडी मिळाली तर दोघांचंही भलं. कांद्याची गाडी असेल तर आधी झाडून, ताडपत्री अंथरून घ्यावी, नाहीतर गाद्यांना महिनाभर कांद्याचा वास येतो.

मोटारसायकल एकटीच पाठवायची असेल तर रेल्वेच्या पार्सलचा विचार करावा. नाशिक रोड, मनमाड ही मोठी स्टेशनं आपल्याला जवळ आहेत. आरसी बुकाची प्रत, ओळखपत्र लागतं आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. कागद सरकारी मिळतो. पॅकर्सच्या नावाखाली गाड्या नेऊन हातावर तुरी दिल्याच्या तक्रारी मोटारसायकल आणि कारच्याच जास्त ऐकायला येतात, कारण विकायला सोप्या.

गावातल्या गाडीत एक धोका मात्र आपण रोज बघतो आणि त्याबद्दल बोलत नाही. सामान मागे आणि सामानावर घरातली माणसं. लेकरं गाद्यांवर झोपलेली, म्हातारी कपाटाला टेकून बसलेली. मालगाडीत मागे माणसं बसवणं नियमाविरुद्ध आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते. मोटार वाहन कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा एखादा प्रतिनिधी मालाबरोबर जात असेल तर त्याला विम्याचं संरक्षण आहे आणि तोही केबिनमध्ये बसलेला असावा. बाकी घरच्यांना ते नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तसंच. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवलेला असतो, भाड्यानं दुसऱ्याचं बिऱ्हाड नेताना काही झालं तर विमा हात वर करतो. माणसांनी एसटीनं किंवा रेल्वेनं जावं. दोनशे-तीनशे रुपये वाचवण्याच्या नादात घरातली माणसं सामानावर बसवण्यात शहाणपण नाही.

गेटवर उभे असलेले

पुण्या-मुंबईकडे सामान पोचल्यावर आणखी एक प्रकार होतो, ज्याची गावात कल्पना नसते. सोसायटीच्या गेटवर चार जण उभे राहतात. आम्ही माथाडी, सामान आम्हीच उतरवणार, नाहीतर पैसे द्या आणि तुमची माणसं लावा. हात न लावता पाच-दहा हजार मागतात.

लासलगावच्या वाचकाला माथाडी म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला मंडळ, भविष्य निर्वाह निधी, हक्काची मजुरी मिळाली. तो कायदा बाजार, गोदाम, कारखाने अशा ठरवून दिलेल्या कामांसाठी आहे. स्वतःच्या घरात स्वतःचं सामान उतरवणाऱ्यानं माथाडीला काम दिलंच पाहिजे किंवा न केलेल्या कामाचे पैसे दिलेच पाहिजेत, अशी सक्ती त्यात नाही. गेटवरचे ते चौघं बहुतेक वेळा नोंदणीकृत माथाडी नसतातच, त्यांच्या नावानं वसुली करणारे असतात. पुण्यात अशांवर पोलिसांनी गुन्हे दाखल केलेले आहेत. केरळात याच रोगाला 'नोक्कु कूली' म्हणतात, म्हणजे नुसतं बघत उभं राहायची मजुरी. तिथल्या सरकारनं १ मे २०१८ पासून तिच्यावर बंदी घातली. इथे असा प्रसंग आला तर वाद न घालता ११२ ला फोन लावावा आणि त्यांच्यासमोरच लावावा. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सामान अडकलं तर

गाडी भरली गेली, पैसे वाढवून मागतायत आणि सामान देत नाहीत. पोलीस ठाण्यात गेलं की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, हा दिवाणी मामला आहे. भाड्याच्या दोन-पाचशे रुपयांचा वाद असेल तर ते खरंही असतं. पण विश्वासानं सोपवलेला माल वाहतूकदारानं हडप केला तर तो फौजदारी विश्वासघात आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ च्या पोटकलम ३ मध्ये वाहतूकदाराचा वेगळा उल्लेख आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. सामान पुण्यात अडकलं म्हणून तक्रार पुण्यातच करावी लागते असंही नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते, म्हणजे लासलगाव पोलीस ठाण्यातही ती देता येते. तिथे जाताना 'मान्य' लिहिलेला मेसेज, यादी, गाडी नंबर, पैसे पाठवल्याचा पुरावा बरोबर असला की बोलणं लवकर संपतं.

आगाऊ पैसे घेऊन माणूस गायब झाला, गाडी आलीच नाही, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. दोन दिवस 'येईल, येईल' म्हणून वाट बघितली की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

मोडतोड झाली असेल तर सामान उतरवून घेताना पोच पावतीवर तिथेच लिहायचं, काय फुटलं आणि काय आलं नाही. 'सगळं ठीक मिळालं' यावर सही झाली की नंतरचं सगळं वरातीमागून घोडं. मग लेखी नोटीस स्पीड पोस्टानं. ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत गेली पाहिजे, नाहीतर वाहतूकदारावर दावा चालत नाही. ही मुदत बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवत नाही, ग्राहकाला तर माहीतच नसते.

त्यानंतर ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली. कंपनी दिल्लीची असो की पुण्याची, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे निफाड तालुक्यातल्या माणसाला नाशिकलाच. घर हलवून पुण्यात राहायला गेलेल्याला पुण्यात. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही आणि घरसामानाचं भाडं त्याच्या वर जात नाही. वकील लावणं बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार ई-जागृती या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या भरता येते आणि आधी नुसती विचारणा करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं.

निकालाला वेळ लागतो, हे खरं. म्हणून पैसे कधी द्यायचे यावरच सगळं येऊन थांबतं. हल्ली पॅकर्सवाले गाडी भरली की बहुतेक रक्कम मागतात आणि लोक देतात. बुकिंगला थोडे, गाडी भरल्यावर काही आणि किमान निम्मे सामान खाली उतरून मोजून झाल्यावर, असं आधीच लिहून घेतलं तर चांगला धंदेवाला मान्य करतो. त्यालाही डिझेलला आणि मजुरांना पैसे लागतात, त्यामुळे एक रुपयाही आधी देणार नाही ही अडमूठ भूमिका चालत नाही. पण शंभर टक्के आधी मागणाऱ्याला नमस्कार करून दुसऱ्याला फोन लावावा, मग तो साडेनऊ हजार सांगो की साडेआठ.

बदलीचा आदेश हातात पडल्यावर हजर व्हायला दिवस थोडे असतात, शाळा उघडायची तारीख पुढे ढकलता येत नाही आणि नव्या घराचं भाडं एक तारखेपासून सुरू होतं. घाईचा फायदा घेणाऱ्याला हे सगळं माहीत असतं. त्यामुळे ज्यांच्या घरात यंदा बदली किंवा पुण्याचा फ्लॅट आहे, त्यांनी गाडी ठरवण्याचं काम शेवटच्या आठवड्यावर न टाकता महिनाभर आधी दोन-तीन जणांकडून लेखी भाव मागवून ठेवावेत. एक भाव गावातल्या ट्रान्सपोर्टवाल्याचाही घ्यावा.